चढणीचा मासा

वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेला एक तरुण आणि वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणारे त्याचे काका, दोघांनाही गळाचा नाद. पावागडाकडे जोराचा पाऊस झाला की देव नदीला गढूळ पाणी येतं. आषाढातल्या अशाच एका रविवारी, मगरींचा वावर नाही ना हे गावकऱ्यांना विचारून, दोघे काठावर बसले होते.

पुतण्याच्या गळाला राहू लागला. रॉड कमानीसारखा वाकला. बऱ्याच झटापटीनंतर मासा काठाला आला, चांगला दांडगा, पोट टम्म फुगलेला.

"काका, फोटो काढा! पेंढा भरून हॉलमध्ये लावतो. कंपनीत कुणी असा पाहिला नसेल."

"कल्ल्यात बोट घालून टांगू नकोस," काका म्हणाले. त्यांनी हात ओले केले आणि मासा उथळ पाण्यातच आडवा धरला. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग माशाला रोग धरतो. "खाणार आहेस?"

"एवढा कोण खाणार? आणि श्रावण तोंडावर आलाय."

"मग मारायचा कशाला?"

पुतण्या वैतागला. "सोडायचाच होता तर गळ टाकलाच कशाला? टोचायचं ते टोचलंच की! आणि तो पलीकडे जाळं टाकून बसलाय, तो सोडणार आहे का?"

प्रश्न खरे होते आणि काकांनी ते टाळले नाहीत. "त्याच्या घरी आज त्याच्यावर चूल पेटेल. तुला भिंत सजवायची आहे. त्रास आपण दिला, हे कबूल. पण जखम भरून येते, गेलेला जीव येत नाही. आणि ही मादी आहे, गाभोळीनं भरलेली. राहू साचलेल्या पाण्यात वीत नाही, पुराच्या पाण्याबरोबर चढणीला लागते. हिच्या पोटात लाखांनी अंडी असतील. त्यातली जगणार थोडीच, पण ती जगायला आधी ही वर पोचली पाहिजे."

काकांची सासुरवाडी महाडची. तिथल्या वाळणकोंडाची गोष्ट त्यांनी सांगितली. काळ नदीच्या त्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे मानतात, म्हणून त्यांना कुणी धरत नाही. लोक खाऊ टाकतात आणि मोठमोठे महसीर अगदी काठाशी येतात. देवीच्या धाकानं तिथे जे आपसूक टिकलं, त्यासाठी लोणावळ्यात टाटांना 1970च्या दशकापासून केंद्र चालवावं लागलं. तिथे महसीरची अंडी उबवून पिल्लं वाढवतात आणि ती नद्या-तलावांत सोडतात. धरणांनी वाट अडवली, सुरुंग लावून डोह रिकामे केले, ऐन विणीच्या दिवसांत जाळी लागली. मग एवढा खटाटोप आला. विणीला निघालेली मादी केवळ दिमाखासाठी मारणं हे मला तरी निव्वळ नासाडीच वाटते.

पुतण्यानं पकडीनं गळ काढला. दोऱ्यानं लांबी मोजली, गाठ मारली, पाण्यातच एक फोटो घेतला. मग मासा दोन्ही हातांत सरळ, तोंड प्रवाहाकडे करून धरला. ढकलायचा नाही, त्याचा तो जायला हवा. कल्ले आधी मंद हलत होते, मग जोरात हलू लागले. शेपटीचा एक तडाखा तोंडावर बसला आणि मासा गेला.

कंपनीत फोटो पाहून दोघा-तिघांनी विचारलं, "मग खाल्ला कसा नाही?" त्यानं सांगितलं, "गाभोळीची होती."

आता आषाढ-श्रावणात दोघे देव नदीवर गळ टाकत नाहीत. पावसाळा सरल्यावर जातात, तेही बिनकाट्याचा गळ घेऊन. घरच्या कालवणापुरता मासा ठेवतात आणि बाकीचे तिथेच सोडतात.