एका फ्लॅटचे वाटेकरी

“आमच्याकडे आहे काय मृत्युपत्र करण्यासारखं? एक वन बीएचके!” मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत हे हमखास ऐकू येतं. मला नेमकं उलटं वाटतं. ज्याच्याकडे भरपूर आहे, त्याच्या माघारी वाटण्या तरी होऊ शकतात. एकच फ्लॅट असलेल्याने आधी कागद करावा. गावच्या जमिनीत बांध घालता येतो, चारशे चौरस फुटांत कुठे घालणार?

“नॉमिनेशन केलंय ना!” हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याच्याशी व्यवहार करते, इतकंच, हक्क वारसांचा. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६च्या उत्तराधिकार कायद्याने त्याच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगा, मुलगी आणि हयात असेल तर आई, सगळ्यांचा सारखा हिस्सा. म्हणजे जिने त्या घरात उभा संसार केला, तिच्या वाट्याला पाव घर. पुढे सासूबाईही तशाच गेल्या, की त्यांच्या हिश्शात दीर-नणंदा येतात. एरवी हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. इमारत रीडेव्हलपमेंटला निघाली, की बिल्डरचा वकील सगळ्यांच्या सह्या मागतो आणि वर्षानुवर्षं न बोललेल्या नणंदेला फोन लावावा लागतो.

बरं, मृत्युपत्र केलं म्हणजे सुटलो, असंही नाही. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकरांनी २०११मध्ये मृत्युपत्र केलं होतं. ऑगस्ट २०१३मध्ये ते गेले. मृत्युपत्रातल्या मालमत्तेखेरीज कोट्यवधींची गुंतवणूक होती आणि तिच्यावर काहींची नावं नॉमिनी म्हणून होती. ते पैसे नॉमिनींचे की सर्व वारसांचे, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून थेट दिल्लीला गेला. नॉमिनी मालक ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी दिला. तोवर दहा वर्षं उलटली होती. मृत्युपत्र एक सांगतं आणि बँकेतले फॉर्म दुसरं, असं होऊ देऊ नये, एवढं तरी यातून घ्यावं.

कायदा फार काही मागत नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक. दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि ते आपल्याहून तरुण असलेले बरे. लोक नेमके मॉर्निंग वॉकचे समवयस्क धरून आणतात! ‘वर न लिहिलेली बाकीची सर्व मालमत्ता’ कुणाला, हेही लिहिलेलं बरं.

खरा घोळ घालतं ते आपलं मोघम प्रेम. ‘पत्नीने हयातभर घराचा उपभोग घ्यावा, नंतर मुलांनी समजुतीने वाटून घ्यावे.’ वाचायला किती छान! पण ती मालकीण झाली, की फक्त राहण्यापुरती? औषधपाण्यासाठी घर विकू शकते का? बिल्डरच्या करारावर तिची एकटीची सही पुरेल का? वकिलाने हे प्रश्न लिहिणाऱ्यालाच, तो समोर बसलेला असताना विचारायला हवेत.