अभ्यासही ओढतो (गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४४)



काल आपण अभ्यास आणि वैराग्य वाचलं. मन आवरणं कठीण आहे हे भगवंतांनी सरळ मान्य केलं, ते आठवतंय ना? आज अर्जुन त्याच्या पुढचा प्रश्न विचारतो. श्रद्धा होती, सुरुवातही केली, पण मधेच मन घसरलं, तर त्या माणसाचं काय? वाऱ्याने फाटलेल्या ढगासारखा तो ना इकडचा ना तिकडचा, असा विरून जातो का?

हा प्रश्न मला अगदी आजचा वाटतो. आपल्या हरिपाठाला येणाऱ्या एका मित्राने ५३ दिवस सिगारेट सोडली होती. ऑफिसात एका रात्री काम लांबलं, सगळे खाली टपरीवर गेले, कटिंगबरोबर एक झुरका झाला. आठवड्याभरात पुन्हा दिवसाला सहा. त्याने गळ्यातली तुळशीची माळ काढून देवघरात ठेवली आणि हरिपाठाला यायचंच बंद केलं. फोनवर म्हणाला, "दादा, तोंडाला वास येत असताना माळ कशी घालू? आणि ते ५३ दिवस तर वायाच गेले."

खरं सांगू? एका झुरक्यापेक्षा मला या 'वाया गेले'ची जास्त भीती वाटते. कारण त्याच्या पुढचं वाक्य ठरलेलं असतं: आता काय, गेलंच आहे तर ओढू.

भगवंत काय करतात बघा. ते अर्जुनाला 'तात' म्हणतात. मराठीत तात म्हणजे वडील, पण संस्कृतात लेकराला किंवा शिष्यालाही मायेने असंच म्हणतात. म्हणजे 'अरे बाळा'. आणि सांगतात, चांगल्या वाटेला लागलेल्याचं वाईट होत नाही, इथेही नाही आणि परलोकातही नाही. राहिलेली साधना तो पुढच्या जन्मी पुन्हा हाती घेतो, आणि आधी कमावलेली बुद्धी त्याला परत मिळते.

आता ४४व्या श्लोकातला एकच शब्द धरा: 'अवश'. म्हणजे आपला ताबा नसताना. तल्लफ कशी येते हे ओढणाऱ्याला सांगायला नको, पाय आपोआप टपरीकडे वळतात. पण इथे भगवंत म्हणतात की आधीचा अभ्यासही माणसाला तसाच, अवशपणे, आपल्याकडे ओढतो! ओढ फक्त व्यसनालाच असते असं आपण धरून चालतो. त्या ५३ दिवसांत सकाळच्या चहाबरोबर हात खिशात जायचा थांबला होता, जिना चढताना दम कमी लागत होता, तल्लफेची लाट काही मिनिटांत ओसरते हे शरीराने अनुभवलं होतं. हे सगळं अजून त्याच्यात आहे. श्लोक पुढच्या जन्माबद्दल आहे, मान्य. पण जे मरणाने पुसलं जात नाही, ते एका सिगारेटने कसं पुसलं जाईल?

(याचा अर्थ 'एक ओढली तरी चालते' असा काढू नका. श्लोकात पडलेला माणूस पुन्हा प्रयत्नाला लागतो, पडून राहत नाही.)

आणि भगवंत त्याला पुन्हा जन्म कुठे देतात? शुद्ध आचरणाच्या घरात, किंवा थेट योग्यांच्या कुळात. म्हणजे उठायला सोबत लागते. आपल्या वारीत तरी कोण एकटा चालतो? पायाला फोड आले की दिंडीतलं कुणीतरी पिशवी घेतं, कुणी तेल चोळतं. 'तू कशाला आलास' असं कुणी विचारत नाही.

म्हणून मित्राचा रात्री ११ वाजता 'परत ओढली रे' असा मेसेज आला, तर प्रवचन देऊ नका. (हे लिहिणाराच सांगतोय, हसा!) फोन करा, दहा मिनिटं काहीही बोला. उद्या टपरीच्या वेळी त्याच्याबरोबर दुसऱ्या दिशेला चाला. 'नाम घे, आपोआप सुटेल' हे तर मला मुळीच पटत नाही. नाम घ्यावंच, पण निकोटिन हे रसायन आहे आणि सोडल्यावर पहिले काही दिवस शरीर भांडतं. डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंग गम किंवा औषध घेतलं तर श्रद्धा कमी होत नाही. सरकारची मोफत क्विटलाइनही आहे, १८००-११-२३५६. हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, फक्त पाकीट उघडताना तिकडे लक्ष जात नाही.

आणि माळ? माझ्या मते ती गळ्यातच हवी. तुळस काही फक्त जिंकलेल्यांसाठी नसते. पण हे ज्याचं त्याने, आपल्या गुरूंना किंवा ज्यांच्या हातून माळ घेतली त्यांना विचारून ठरवावं.

उद्या ४५वा श्लोक. त्यात 'अनेक जन्म' हा शब्द येतो, तो वाचून घाबरू नका.

राम कृष्ण हरी!