समोर माणूस आहे



सकाळी दूधवाला दारात येतो. आपण त्याला नावानं हाक मारतो. समोर माणूस आहे, हे तेव्हा वेगळं सांगावं लागत नाही. युद्ध आधी हे नावच काढून घेतं.

व्हिएतनाममधलं माय लाय हे गाव. मार्च १९६८ मधली एक सकाळ. तिथं शिरलेले अमेरिकी सैनिक बहुतेक विशीच्या आसपासचे. कुणाच्या तरी घरची साधी पोरं. आधीच्या काही आठवड्यांत सुरुंगांच्या स्फोटांत त्यांचे सोबती गेले होते. शत्रू दिसत नव्हता. मग दिसेल तो शत्रू ठरला. त्या सकाळी त्यांनी म्हातारे, बायका, तान्ही बाळंसुद्धा मारली. ते राक्षस असते तर आपल्याला बरं वाटलं असतं. तसे ते नव्हते. समोर माणूस आहे, एवढंच त्यांना दिसेनासं झालं होतं.

वर हेलिकॉप्टरमध्ये ह्यू थॉम्प्सन होता. तोही चोवीस वर्षांचाच, त्याच सैन्यातला. आपलेच सैनिक आणि गावकरी यांच्या मधोमध त्यानं हेलिकॉप्टर उतरवलं. त्याच्या दोन साथीदारांपैकी एकानं प्रेतांनी भरलेल्या चरातून एक जिवंत मूल बाहेर काढलं. समोर माणूस आहे, हे त्यांना दिसलं.

मित्रहो, आपल्या हाती बंदूक नाही. पण ‘ती माणसं तसलीच’ असं आपणही सहज बोलून जातो. घरात, चहाच्या टपरीवर. लेकरं ते ऐकत असतात.

ज्याला माणूस दिसला, त्या थॉम्प्सनला मायदेशी धमक्या आल्या. खरा गौरव करणारं पदक मिळालं ते १९९८ साली. आपल्या दोन्ही साथीदारांचाही सन्मान व्हावा, असा त्याचा आग्रह होता. त्यातला एक तर युद्धातच गेला होता.