गेलेल्याशी इमान

मृताविषयी वाईट बोलू नये, असा संकेत आपल्या समाजात आहे. त्यामागे दयाबुद्धी आहे. गेलेला मनुष्य आपली बाजू मांडू शकत नाही, आणि त्याचा निवाडा करणारा न्यायाधीश आपण नव्हे. परंतु या संकेतातून हळूहळू एक निराळीच रीत रूढ झाली आहे. माणूस गेला की दुसऱ्या दिवशी तो मनमिळाऊ, कष्टाळू, धर्मपरायण आणि परोपकारी होतो. चौकातल्या फलकांवर नावे आणि छायाचित्रे तेवढी बदलतात, विशेषणे बदलत नाहीत. ज्याच्यावर आपण खरोखर प्रेम केले, त्याला या विशेषणांच्या रांगेत उभे करणे हा त्याचा सन्मान की त्याचे दुसरे दफन, असा प्रश्न मनात येतो.

हा प्रश्न अधिकच अवघड होतो, जेव्हा गेलेला माणूस विनोदी असतो. गंभीर माणसाचे गंभीर स्मरण करता येते. पण ज्याने आयुष्यभर आपल्याला हसवले, त्याची आठवण काढताना हसावे की नाही? त्याचे गुण सांगताना त्याचे दोष सांगावेत की नाही? आणि जो आपल्याशी इमानाने वागला, तो गेल्यानंतर त्याच्याशी इमान राखणे म्हणजे नेमके काय करणे?

हे प्रश्न मला पुस्तकातून पडलेले नाहीत. माझा मामेभाऊ दोन वर्षांपूर्वी वारला. आम्ही एका वयाचे, एका शाळेतले. तो जालना जिल्ह्यातल्या आपल्या गावी मोसंबीची बाग आणि थोडी कोरडवाहू शेती करीत असे. त्याचे नाव मी येथे देत नाही. त्याला ओळखणाऱ्यांना ते सांगायला नको, आणि न ओळखणाऱ्यांनी आपल्या घरातले तसे एखादे नाव तेथे घालून वाचावे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात तरुणपणीच्या एका जिवलग मित्राच्या मरणाविषयी पानेच्या पाने लिहिली, पण त्या मित्राचे नाव कोठेही लिहिले नाही. सोळाशे वर्षे वाचक त्या निनावी मित्रासाठी हळहळत आले आहेत.

प्रथम हसण्याचा प्रश्न घेऊ. समर्थ रामदास हे आमच्याच जिल्ह्यातले. घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली त्यांचा जन्म झाला. दासबोधात त्यांनी विनोदाची आवड टवाळांच्या पदरात टाकली आहे, आणि त्यांचे ते शब्द म्हणीसारखे लोकांच्या तोंडी बसले आहेत. आमचा हा भाऊ ते शब्द स्वतःलाच लावून घेई आणि वर म्हणे, “समर्थ आपल्याच जिल्ह्याचे. घरच्या माणसाचं बोलणं मनाला लावून घ्यायचं नसतं.”

ख्रिस्ती परंपरेतही विनोदाविषयी दोन सूर आहेत. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (५:४) संत पौल अमंगळ गोष्टी, बाष्कळ बडबड आणि थट्टामस्करी ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, असे बजावतात. तेथे थट्टेसाठी त्यांनी वापरलेला ग्रीक शब्द आहे ‘युट्रपेलिया’. गंमत अशी की, हाच शब्द ॲरिस्टॉटलने एका सद्गुणासाठी वापरला होता. विदूषकी पाचकळपणा आणि माणूसघाणा रुक्षपणा या दोन टोकांच्या मधला तो समंजस खेळकरपणा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या सद्गुणाला आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात स्थान दिले आणि पुढे जाऊन म्हटले की, जो स्वतः कधी हसत नाही, दुसऱ्याला हसवत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यात विघ्न आणतो, तो इतरांना भार होतो आणि त्याचे हे वागणे दोषास्पद आहे. संत पौल आणि संत थॉमस यांच्यात येथे विरोध नाही. एकच शब्द दोघांनी दोन निराळ्या हसण्यांसाठी वापरला आहे.

त्या दोन हसण्यांतला फरक ऑगस्टीन यांच्याच गोष्टीत दिसतो. त्यांचा तो मित्र तापाने बेशुद्ध असताना घरच्यांनी त्याला स्नानसंस्कार दिला. तो शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीन यांनी त्या संस्काराची थट्टा केली. तोही आपल्याबरोबर हसेल अशी त्यांची अटकळ होती. मित्राने मात्र, मैत्री टिकवायची असेल तर असे बोलू नकोस, असे त्यांना बजावले. पुढे थोड्याच दिवसांत तो वारला. दुसऱ्याला जे पवित्र वाटते, ज्याच्या आधाराने तो उभा आहे, तेच काढून घेणारे हे हसणे होते. याउलट असेही हसणे असते, की ज्याच्या आधाराने माणूस उभा राहतो.

२०१२-१३ चा दुष्काळ मराठवाड्यातील लोक विसरणार नाहीत. आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा जळाल्या. मोसंबीचे झाड फळाला यायला पाच-सहा वर्षे लागतात. ते वाळले की एक हंगाम नव्हे, माणसाच्या आयुष्याचा एक तुकडा जातो. भावाने आपली बाग स्वतः तोडली. बांधावर लाकडांची रास पडली होती आणि शेजारपाजारचे शेतकरी खाली मान घालून बसले होते. तो म्हणाला, “इतकी वर्षं मोसंबी विकून चूल पेटवली. यंदा मधला दलाल वगळला.” लोक हसले. त्या वाक्याने एकही झाड परत आले नाही. पण ज्या मंडळींना त्या दिवशी घरी जावेसे वाटत नव्हते, ती उठली आणि घरी गेली. दुष्काळात किती घरे उजाडली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ‘घरी गेली’ या दोन शब्दांचे मोल सांगायला नको.

तेव्हा अशा माणसाचे स्मरण हसत करण्यात गैर नाही, असे मी म्हणतो. मात्र जागा पाहून. अंत्यविधीच्या मिस्सेत प्रवचन थोडक्यात असावे, मृताच्या गौरवाचे भाषण मात्र तेथे होऊ नये, असे मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत (क्र. ३८२) सांगितले आहे. पुष्कळांना हा नियम कोरडा वाटतो. मला तो करुणेचा वाटतो. वेदीसमोर आपण माणसाचे प्रशस्तिपत्रक वाचीत नाही, त्याला देवाच्या दयेच्या हवाली करतो. तेथे विशेषणांची गरज नसते. विशेषणे नसलेल्या गरिबालाही तोच विधी, तीच प्रार्थना मिळते. आठवणींची जागा आहे घरात, अंगणात, महिन्याच्या मिस्सेनंतरच्या पंगतीत.

भावाच्या महिन्याच्या मिस्सेनंतर असेच झाले. कोणीतरी त्याची एक गोष्ट काढली. मी धर्मगुरू झाल्यावर गावच्या चर्चमध्ये पहिल्यांदा प्रवचन केले, तेव्हा बाहेर आल्यावर सर्वांदेखत तो मला म्हणाला होता, “फादर, प्रवचन फार छान झालं. तिन्ही छान झाली.” चारचौघांत तो मला ‘फादर’ म्हणे आणि एकांतात ‘अरे’. गोष्ट ऐकून सगळे अंगण हसू लागले. एका वृद्ध आजींना ते खपले नाही. “मयताच्या घरी दात काढता व्हय?” त्या म्हणाल्या. सगळे गप्प झाले. तेव्हा आमची वहिनी आतून म्हणाली, “हसू द्या, आत्या. रडायचं ते मी रात्री रडते.”

हसणे आणि रडणे यांत आपण उगाच वैर कल्पितो. लाजराला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही प्रभू येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. पुनरुत्थानावरील श्रद्धा अश्रूंना मज्जाव करीत नाही. मग तीच श्रद्धा हास्याला तरी मज्जाव का करील?

आता सत्याचा प्रश्न. आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयात याचे फार मोठे उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले. पुढे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि १९३४ पासून ती प्रसिद्ध होऊ लागली. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे. पण हे पुस्तक सर्व मराठी ख्रिस्ती घरांचे आहे. टिळक तापट होते, विसराळू होते, घरात काय शिल्लक आहे याचा विचार न करता देऊन टाकणारे होते. लक्ष्मीबाईंनी यातले काही लपविले नाही. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या वाट्याला आलेला वियोगही त्यांनी सांगितला. तरी ते पुस्तक मिटताना वाचकाला टिळक लहान वाटत नाहीत. दोषांसकट ज्याच्यावर प्रेम केले, त्याचे दोष सांगताना प्रेम करणाऱ्याचा आवाज निराळा लागतो. गौरवग्रंथातले टिळक दुसऱ्या कोणाला लिहिता आले असते. हे टिळक लक्ष्मीबाईंनाच लिहिता आले.

म्हणून भावाविषयीही एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्याच्या छातीत पहिल्यांदा कळ आली, तेव्हा तो वहिनीला म्हणाला, “चला, मला हृदय आहे हे तरी सिद्ध झालं.” आणि दवाखाना त्याने आठ दिवस पुढे ढकलला. नववा दिवस त्याला मिळाला नाही. त्याचे सगळे विनोद वहिनी आजही सांगते, पण म्हणते, “तो एक मला हसवत नाही.” तिचे म्हणणे योग्य आहे. विनोद जसा दुसऱ्याला आधार देतो, तसा तो स्वतःला लपवण्याची जागाही होतो. हसवणाऱ्या माणसाला ‘तुझे कसे चालले आहे’ असे कोणी विचारीत नाही, आणि विचारलेच तर तो त्याचीही गंमत करतो. ही गोष्ट वगळून त्याचे स्मरण केले, तर ऐकणाऱ्या मुलांना आपण अर्धाच माणूस देऊ, आणि त्यांच्यातला एखादा उद्या छातीवर हात ठेवून तसाच हसेल.

शेवटचा प्रश्न इमानाचा. बायबलमध्ये मित्र आणि नातलग एकाच माणसात पाहायचा तर योनाथान पाहावा. तो दावीदाचा मित्र, आणि मीखलचा भाऊ म्हणून दावीदाचा मेहुणा. बापाचा राग ओढवून घेऊन त्याने दावीदाला वाचवले; सिंहासन आपल्या हातून त्याच्याकडे जाणार, हे जाणूनही. आमच्या भावापुढे सिंहासन नव्हते. पण मी सेमिनरीत गेलो तेव्हा माझी विधवा आई, म्हणजे त्याची आत्या, त्याच्या घरी राहिली. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या त्या लांब वर्षांत तिची औषधे, तिचा मोतीबिंदू, तिची चिडचिड त्याने सांभाळली. समर्थ बालवयात घर सोडून गेले, आणि त्यांचे थोरले बंधू गंगाधरपंत आईजवळ जांबेत राहिले, असे परंपरा सांगते. घर सोडणाऱ्याचे चरित्र लिहिले जाते. घर धरून ठेवणाऱ्याचा उल्लेख त्यात एका ओळीत येतो. आपल्या धर्मग्रामातून जे जे धर्मगुरू आणि धर्मभगिनी झाले, त्यांच्यामागे असा कोणी ना कोणी घरी राहिलेला आहे. त्यालाही पाचारण होते, असे मी मानतो.

योनाथान गिलबोवाच्या डोंगरावर पडल्यावर दावीदाने विलाप केला. पण त्याचे इमान विलापात संपले नाही. पुढे राजा झाल्यावर त्याने विचारले की, योनाथानाखातर ज्याच्यावर मी दया करावी असा शौलाच्या घराण्यातला कोणी उरला आहे काय? (२ शमुवेल ९). योनाथानाचा पायांनी अधू मुलगा मफीबोशेथ सापडला. त्याची जमीन दावीदाने त्याला परत दिली आणि आपल्या पंक्तीला बसवले. लक्षात घ्या, मफीबोशेथ मागायला आला नव्हता. दावीदाने शोध केला.

गेलेल्या माणसाचे आपल्यावरचे ऋण त्याला फेडता येत नाही, म्हणून ते माफ झाले असे नव्हे. ते त्याच्या माणसांकडे वळते. लक्ष्मीबाईंनी ते त्याच्या कामाकडे वळवले. टिळकांच्या ‘ख्रिस्तायन’ महाकाव्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईने पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहिले. आपल्यासारख्यांना महाकाव्य पुरे करायचे नसते. विधवेबरोबर तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर वारसांची नोंद करून घेणे, मुलीच्या फीची तारीख लक्षात ठेवणे, त्याने कोणाला दिलेला शब्द पुरा करणे, इतकेच असते. भावाचा एका शेजाऱ्याशी बांधावरून दावा होता. एका रात्री त्याच शेजाऱ्याला छातीत दुखू लागले, तेव्हा भावाने त्याला मोटारसायकलवर घालून जालन्याला नेले. “दावा संपेपर्यंत याला मरू देणार नाही,” असे तो डॉक्टरांना म्हणाला. स्वतःच्या वेळी मात्र त्याने ही घाई केली नाही. तो दावा अजून चालू आहे. पण तारखेच्या दिवशी दोन्ही घरे एकाच जीपमधून जातात, आणि भाडे शेजारी देतो.

याखेरीज आपल्या श्रद्धेने आणखी एक वाट दाखवली आहे. यहूदा मक्काबी याने युद्धात पडलेल्या आपल्या माणसांच्या पापांसाठी वर्गणी जमवून दोन हजार द्राख्मे यरुशलेमला अर्पणासाठी पाठवले (२ मक्काबी १२). ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची, ते निर्दोष नव्हते हे तो जाणत होता. म्हणूनच त्याने प्रार्थना केली. ज्याला आपण निर्दोष ठरवून टाकले, त्याच्यासाठी दयेची याचना कशाला? खोटी स्तुती मृताचे हे एवढे साहाय्यही हिरावून घेते. त्याच्याविषयी खरे बोलणाराच त्याच्यासाठी मनापासून प्रार्थना करू शकतो.

नोव्हेंबर महिन्यात आपण कबरस्तान स्वच्छ करतो, मेणबत्त्या लावतो, नावे लिहून मिस्सा सांगतो. यंदा ते झाल्यावर मुलांना जवळ बसवून त्या नावांपैकी एकाची खरी गोष्ट सांगावी, हसू येईल तेथे हसावे, आणि निघताना त्या माणसाच्या घरी कोण राहिले आहे, त्याचे कसे चालले आहे, याची चौकशी करून यावे.