संदर्भोल्लेखांचा आकडा आणि मेंदूचे संशोधन

संशोधकाच्या अनेक वर्षांच्या कामाचे मोल एका आकड्यात सांगण्याची सवय विद्यापीठांना गेल्या काही दशकांत जडली आहे. एखाद्या शोधनिबंधाचा आधार पुढच्या किती निबंधांनी घेतला, याची गणना म्हणजे त्याची संदर्भोल्लेख-संख्या. यूजीन गारफिल्ड यांनी अशा सूचीची कल्पना 1955 मध्ये मांडली, तेव्हा संबंधित साहित्याचा माग काढणे सुलभ व्हावे हा तिचा हेतू होता. पुढे 2005 मध्ये होर्हे हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला, ज्यानुसार एखाद्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला असेल तर त्याचा निर्देशांक वीस ठरतो, आणि शोधाचे साधन हळूहळू माणसांची प्रतवारी लावण्याचे माप होऊन बसले.

वर्तनाचा मेंदूशी असलेला संबंध शोधणाऱ्या शास्त्रात हे माप किती अपुरे पडते, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांच्या कारकिर्दीवरून कळते. येल विद्यापीठात रोनाल्ड डुमन यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून 2000 च्या सुमारास त्या या संस्थेत रुजू झाल्या, 2015 मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार आणि 2022 मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. परंतु त्यांच्या कामाचा खरा विशेष असा की, बालवयातला ताण प्रौढपणीच्या भावनांवर कायमचा ठसा कसा उमटवतो, हा प्रश्न त्यांनी दोन दशके धरून ठेवला.

त्यांच्या गटाच्या एका प्रयोगात उंदरांच्या नवजात पिल्लांना दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून दूर ठेवण्यात आले. मोठेपणी अशा उंदरांमध्ये चिंतेची लक्षणे वाढलेली दिसतात. मात्र त्याच कोवळ्या दिवसांत सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या एका प्रकारच्या ग्राहकांना, म्हणजे पेशीवर त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना, औषधाने रोखले तर ती लक्षणे उद्भवत नाहीत, असे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात आढळले. चिंता मोजण्यासाठी या क्षेत्रात अधिक-चिन्हाच्या आकाराचा, उंचावर बसवलेला मार्ग वापरतात, ज्याच्या दोन भुजांना भिंती असतात आणि दोन उघड्या असतात. घाबरलेला उंदीर उघड्या भुजांवर फारसा जात नाही. पिल्लू वाढून प्रौढ होईपर्यंत अशा प्रयोगाला घाई करता येत नाही, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष इतरांनी पडताळून पाहायला आणखी काही वर्षे जातात.

उल्लेखांच्या आकड्याचा कल मात्र पद्धत सांगणाऱ्या निबंधांकडे असतो. प्रथिने मोजण्याची रीत सांगणाऱ्या ऑलिव्हर लॉरी यांच्या 1951 च्या निबंधाचा उल्लेख तीन लाखांहून अधिक वेळा झाला आहे. ती रीत उपयुक्त आहेच, पण तेवढ्यावरून तिला शतकातील सर्वांत मोठा शोध कोणी म्हणणार नाही. उलट जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी 1965 मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित भागात, जन्मानंतरही नव्या मज्जापेशी तयार होतात असे दाखवले, तरी शास्त्रजगताने ते 1990 च्या दशकापर्यंत फारसे मनावर घेतले नाही. पुढे नैराश्यावरील औषधांचा आणि या नव्या पेशींचा संबंध डुमन यांच्या प्रयोगशाळेने 2000 मध्ये दाखवला. ऑल्टमन आणि दास यांची पात्रता पहिल्या दहा वर्षांतल्या उल्लेखांवर ठरवणे हा उघड अन्याय ठरला असता.

याच्या उलट, सर्वमान्य झालेल्या कामाचा उल्लेख गळून पडतो असेही घडते, आणि त्याचे उदाहरण रत्नागिरीच्या मांडवीसमोरच्या समुद्रात सापडणाऱ्या म्हाकुलाच्या (स्क्विडच्या) कुळातच आहे. युरोपच्या समुद्रातील म्हाकुलाच्या अंगात नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा जाड मज्जातंतू असतो. त्याच्यात विद्युतअग्र घालून ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी मज्जातंतूतला संदेश कसा पुढे सरकतो याची समीकरणे 1952 मध्ये मांडली आणि 1963 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे ज्ञान आता पाठ्यपुस्तकात गेल्यामुळे असंख्य अभ्यासक मूळ निबंधाचा नामोल्लेखही न करता ते वापरतात. ज्ञान सर्वांचे झाले की त्याचा जनक तळटिपेतून पुसला जातो, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी नोंदवून ठेवले आहे.

याच रत्नागिरी शहरात 1886 पासून मनोरुग्णालय आहे. तेथील रुग्ण, परिचारिका आणि नातेवाईक शोधनिबंध लिहीत नाहीत. म्हणून मेंदूच्या संशोधनाचा त्यांच्या आयुष्याशी असलेला संबंध कोणत्याही निर्देशांकात उतरत नाही, आणि तरी हे शास्त्र अखेर ज्यांच्यासाठी आहे ती माणसे हीच आहेत. मूल्यमापन नको असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण संशोधनाला पैसा जनतेचा लागतो. पण संशोधकाचे काम त्याच्या आशयावरून जोखावे, ते ज्या नियतकालिकात छापले गेले त्याच्या गुणांकावरून नव्हे, हे 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचे म्हणणे निवड समित्यांनी आता अमलात आणावे, आणि उमेदवाराचा निर्देशांक पाहण्याआधी त्याचे निदान तीन निबंध मुळातून वाचावेत.