डेल्गॅटीची खळवाडी

क्लॅन्सी बंधू आणि टॉमी मेकम या आयरिश गायकांची १९६१ साली निघालेली एक तबकडी आहे. तिच्यात ‘द बार्नयार्ड्‌स ऑफ डेल्गॅटी’ हे गाणं आहे. बार्नयार्ड्‌स म्हणजे आपली खळवाडी. दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचता पोचता ऐकणाऱ्याची टाच जमिनीवर पडायला लागते. धृपदाच्या बोलांना अर्थ नाही, ते नुसतेच नाचतात; त्यामुळे भाषा कळो न कळो, धृपद लगेच तोंडात बसतं. बरीच वर्षं मी ते एक आयरिश गाणं म्हणून ऐकलं, आणि तेही पेले समोर ठेवून चार मित्रांनी म्हणायचं गाणं म्हणून. दोन्ही समज चुकीचे निघाले.

गाणं स्कॉटलंडचं आहे, ईशान्येकडच्या अ‍ॅबर्डीनशर भागातलं. डेल्गॅटी हे टरिफ गावाजवळचं ठिकाण. टरिफला तिथली माणसं ‘टरा’ म्हणतात, आणि गाणं सुरू होतं ते टराच्या बाजारात. हा बाजार माणसांचा. मे आणि नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा मुदत संपायची, आणि बिनलग्नाचे गडी पुढच्या सहा महिन्यांसाठी नवा मालक शोधायला तिथे उभे राहायचे. मालक यायचा, माणूस जोखायचा, मजुरी ठरायची आणि गड्याच्या हातावर एक नाणं पडायचं. त्याला तिकडे ‘आर्ल्स’ म्हणतात. हे वाचलं तेव्हा मी थबकले, कारण त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: इसार. पाडव्याला सालगडी ठरताना ज्याने पाहिलाय, त्याला टराचा बाजार समजावून सांगावा लागत नाही.

गाण्यातला श्रीमंत शेतकरी गड्याला कबूल करतो की तुला या मुलखातली सगळ्यात उत्तम जोडी हाकायला देईन. जोडी घोड्यांची, तिकडे नांगराला घोडे जुंपत. गडी खळवाडीत येऊन बघतो तर नुसती हाडं आणि कातडं. काळा घोडा बूड टेकून बसलेला, म्हातारी पांढरी घोडी पोटावर पडलेली, कितीही हाकारलं तरी दोघं जागची हलत नाहीत. ऐकताना हसू येतं. पण त्या जगात जोडी म्हणजे काय, हे कळल्यावर त्या हसण्याखालचं काही दिसायला लागलं. मोठ्या शेतावर पहिला गडी, दुसरा गडी अशी उतरंड असायची, आणि सकाळी तबेल्यातून घोडे बाहेर पडायचे तेही त्याच क्रमाने. नांगरटीच्या स्पर्धा भरत, त्यासाठी घोडे सजवले जात, साजाचं पितळ घासून लखलखीत केलं जाई. जमीन मालकाची, घोडे मालकाचे, पण जोडीचा रुबाब गड्याचा. मरतुकडी जोडी त्याच्या हाती देणं म्हणजे त्याच्या अब्रूलाच हात घालणं होतं.

मग मी बाकीचं वाचत गेले. या गाण्यांना ‘बॉथी बॅलड’ म्हणतात. बॉथी म्हणजे गड्यांची राहायची खोली. खरं तर अ‍ॅबर्डीनशरमध्ये तबेल्याजवळच्या त्या खोलीला ‘चॉमर’ म्हणत आणि गडी जेवायला मालकाच्या स्वयंपाकघरात जात. दक्षिणेकडच्या अँगस भागात गडी बॉथीतच राहत आणि स्वतःच रांधत. रांधत म्हणजे काय, तर ओटचं पीठ आणि मीठ उकळत्या पाण्यात कालवायचं. त्याला ‘ब्रोस’ म्हणतात, आणि या गाण्यातही ब्रोस करणाऱ्या बाईबद्दल तक्रार आहे. पसंत नसलेलं शेत मुदतीआधी सोडून जायची सोय नव्हती. १८७५ पर्यंत ब्रिटनमध्ये करार मोडणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकता येत असे. करार मोडणाऱ्या मालकाला तशी शिक्षा नव्हती.

हे कळलं आणि काही काळ मला ते गाणं ऐकवेना. मेंढीच्या लोकरीचे पांढरे स्वेटर घालून न्यूयॉर्कच्या रंगमंचावर उभं राहायचं आणि दुसऱ्याच्या हालअपेष्टा टाळ्यांच्या तालावर गायच्या, हे बरोबर नाही असं मनाने घेतलं. मूळ गाणं वेगळं असणार, दुखरं असणार, अशी माझी खात्री होती. त्या मुळाच्या शोधात मी जिमी मॅकबेथपर्यंत पोचले. पोर्टसॉयचा हा माणूस पोरवयापासून शेतावर राबलेला, पुढे गावोगाव गात हिंडलेला. १९५१ साली लोकगीतं गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्स आणि हॅमिश हेंडरसन यांनी त्याचा आवाज ध्वनिफितीवर घेतला. मी कान देऊन हुंदक्याची वाट बघत होते. खरखरीत गळ्याचा तो माणूस बॉथीची गाणी चवीचवीने, मिटक्या मारत गातो. त्याच्या आवाजात मला कुठेच कीव मागणं ऐकू आलं नाही.

माझा दुसरा समज तिथे ढासळला. अशा गाण्यांना पुढे आणखी एक नाव पडलं: कॉर्नकिस्टर. ‘कॉर्नकिस्ट’ म्हणजे तबेल्यातली घोड्यांच्या दाण्याची लाकडी पेटी. संध्याकाळी गडी त्या पेटीवर बसून गात आणि लोंबत्या पायांच्या टाचा पेटीवर आपटून ठेका धरत. ज्या ठेक्याने माझी टाच हलवली, तो कुठल्या रंगमंचाने गाण्याला चिकटवलेला नव्हता. तो त्या पेटीतूनच निघालेला होता.

मजा हा हालांवरचा मुलामा आहे असं मी धरून चालले होते. आता वाटतं, ती मजाच गड्याच्या हातातली एकमेव वस्तू होती. सहा महिने जागेवरून हलता येत नाही, तक्रार कुठे करणार? पण गाणं करता येतं, आणि त्यात शेताचं नाव घालता येतं. मुदत संपली की गडी पांगायचे, त्यांच्याबरोबर गाणंही दुसऱ्या तबेल्यात जायचं. व्हाइटहिलच्या शाळेतले मास्तर गॅव्हिन ग्रेग आणि पाद्री जेम्स डंकन या दोघांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅबर्डीनशरच्या परिसरातून तीन हजारांहून अधिक गाणी लिहून घेतली. ती आठ खंडांत पूर्ण छापून व्हायला २००२ साल उजाडलं. त्या गाण्यांतून कितीतरी शेतं आजही ओळखता येतात. डेल्गॅटीच्या मालकाने आणखी काय केलं, कोणाला माहीत नाही. त्याची काळी-पांढरी जोडी मात्र अटलांटिक ओलांडून गेली.

राहिला आयरिश गळ्यांचा प्रश्न. हे त्यांचं दुःख नव्हे, असं मी म्हणत होते. पण आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमध्येही मे आणि नोव्हेंबरमध्ये गड्यांचे बाजार भरत. पॅट्रिक मॅकगिल हा लेखक डोनेगलचा. तो लहानपणी स्ट्रबेनच्या बाजारात असाच उभा राहिला आणि पुढे बटाटे काढायला स्कॉटलंडला गेला. असे हजारो जण जात. सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलॉक इथल्या एका बॉथीला आग लागली आणि बटाटे काढायला आलेली अ‍ॅकिल या आयरिश बेटावरची दहा पोरं आत मेली. १९७५ साली डब्लिनमध्ये काही असामान्य वादकांनी एकत्र येऊन आपल्या संचाला ‘द बॉथी बँड’ हे नाव दिलं, ते परमुलखात राबायला गेलेल्या माणसांच्या या बिऱ्हाडांवरूनच. आणि स्वतः टॉमी मेकम? अर्मा परगण्यातल्या कीडी या लिननच्या गावचा. त्याची आई सेरा मेकम गिरणीत काम केलेली, आणि गाण्यांचं भांडार. अमेरिकेत गेल्यावर कारखान्यात त्याचा हात यंत्राखाली सापडला होता. त्याच तबकडीत विणकरांच्या कामाचं एक स्कॉटिश गाणंही आहे, आणि ते या मंडळींनी नुसतं सुंदर म्हणून निवडलं असेल असं मला वाटत नाही.

काही हरवलंय, हे खरं. अ‍ॅबर्डीनशरच्या बोलीचे कंगोरे आयरिश उच्चारात गुळगुळीत होतात, आणि मॅकबेथच्या गाण्याला जो तबेल्याचा वास आहे तो इथे येत नाही. पण ध्वनिफितीवरचा मॅकबेथ एकटा आहे. समोर फक्त यंत्र आणि चारदोन ऐकणारे. क्लॅन्सींच्या गाण्यात एक जण कडवं म्हणतो आणि बाकीचे धृपदावर तुटून पडतात. पेटीवर एकाच्या शेजारी दुसरे गडीही बसलेले असायचे, हे मला पुस्तकांनी सांगितलं, पण ऐकू आलं ते इथे.

शेवटच्या कडव्यात गड्याची मेणबत्ती जळत बुडाशी आली आहे. मुदत भरली, आता या खळवाडीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं तो सांगतो. पूर्वी हे कडवं धृपदाच्या घाईत मला ऐकूच यायचं नाही. आता तिथे माझी टाच थांबते, आणि तेवढ्यात ते चौघे पुन्हा धृपद उचलतात.