सहस्र हात आणि एक गाय

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या ग्रुपवरच्या कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. ती वाचते त्या कादंबरीत चंगीजखान नायक आहे. इतिहासातला नव्हे, कल्पनेतला. त्याला आकाशातून शक्ती मिळते, लांडगे त्याच्याशी बोलतात, वादळ त्याचं ऐकतं. ती विचारते, "इतकी माणसं मारणारा मला आवडायला लागलाय. हे पाप का?"

प्रश्न वरवरचा नाही. म्हणून या गुरुवारी त्यावरच थोडं बोलू.

पहिली गोष्ट, विजेत्याभोवती चमत्कार गुंफणं नवीन नाही. मंगोलांचा स्वतःचा तेराव्या शतकातला ग्रंथ आहे, 'मंगोलांचा गुप्त इतिहास'. त्यात चंगीजखानाचा वंश निळ्या लांडग्यापासून सुरू होतो, आणि तो जन्मला तेव्हा त्याच्या मुठीत रक्ताची गुठळी होती असं लिहिलं आहे. पण तोच ग्रंथ हेही सांगतो, की लहानपणी त्यानं आपल्या सावत्र भावाला बाण मारून ठार केलं, आणि त्याच्या आईनं त्याला कठोर शब्दांत झापलं. स्वतःच्या माणसांनी लिहिलेल्या ग्रंथातही ते झाकलेलं नाही!

आता आपल्या घरची कथा बघा. साखळीत दत्तमंदिरात जाणाऱ्यांना सहस्रार्जुन ठाऊक असणारच. कार्तवीर्यानं दत्तगुरूंची सेवा केली आणि वर मागितले. हजार हात मागितले, धर्मानं पृथ्वी जिंकण्याचं सामर्थ्य मागितलं. हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण हरिवंशात आणखी एक वर सांगितला आहे: *मी अधर्माकडे वळलो तर सज्जनांनी मला अडवावं.* हजार हात मागणाऱ्यानं आपला हात धरणाराही मागून घेतला होता, बरं का.

पुढं काय झालं? जमदग्नी ऋषींची गाय त्याच्या डोळ्यांत भरली. सगळी पृथ्वी ज्याची, त्याला आश्रमातली एक गाय सोडवेना. नको म्हणणाऱ्या ऋषीचं त्यानं ऐकलं नाही, आणि परशुरामाच्या परशूनं ते हजार हात तुटले. वर गुरूंनी दिला होता, म्हणून कुणी त्याचा अपराध माफ केला नाही. उलट परशुरामालाही माफी नाही. एकवीस वेळा पृथ्वी जिंकून ती त्याला दान करावी लागली, आणि जिंकलेल्या जमिनीवर राहायचा हक्क उरला नाही म्हणून समुद्र हटवून नवी भूमी घ्यावी लागली. ती भूमी म्हणजे हे आपलं कोकण-गोवें, असं आपण मानतो.

म्हणजे चमत्कार आमच्याही कथेत आहेत. पण त्यात गाय जागेवर आहे. ज्याचं लुटलं गेलं तो कथेतून गायब होत नाही.

चीनमधल्या युआन घराण्याच्या इतिहासात एक सुंदर कथा येते. चंगीजखानाची स्वारी हिंदुस्थानच्या बाजूला आली असताना एक शिंगाचं, हिरव्या रंगाचं जनावर पुढं येऊन माणसाच्या वाणीनं म्हणालं, तुमच्या धन्यानं आता परत जावं. येलू नावाच्या विद्वान सल्लागारानं अर्थ सांगितला: या प्राण्याला हत्येचा तिटकारा आहे, हा देवाचा निरोप आहे. खान मागं वळला. खरंच जनावर आलं का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ती कल्पना काय करते ते बघा. ती तलवारीला धार लावत नाही, ती म्यान करायला सांगते.

हे सगळं आपल्याला लांबचं वाटेल. पण 'मोगल' हा शब्दच 'मंगोल'वरून आलेला, आणि बाबराच्या आईचं घराणं चंगीजखानाचं. त्याच वंशातला औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला आला आणि 1683 मध्ये आपल्या शेजारी डिचोलीत राहिला. पुढच्याच वर्षाच्या आरंभी त्याचा भाऊ शाहआलम फौज घेऊन उतरला आणि डिचोलीची नासधूस झाली. दोन्ही शहजाद्यांची नावं पुस्तकांत आहेत. ज्यांची घरं गेली त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. आपण त्या बिननावाच्या माणसांच्या गावचे आहोत.

तेव्हा बाये, तो नायक आवडणं पाप नव्हे. शौर्य, चिकाटी, पोरकेपणातून वर येणं कुणालाही आवडेल. पण वाचताना एक बघ: त्याला मिळालेली दैवी शक्ती त्याला जबाबदार करते की मोकळा सोडते? 'आकाशानंच सांगितलं' म्हटल्यावर जळलेल्या गावाचा हिशेब मिटतो का? मिटत असेल, तर लेखकानं गाय चोरली आहे.

आणि हा प्रश्न फक्त कादंबरीपुरता नाही. 'गुरूंची कृपा आहे' म्हणून आपणही घरात, धंद्यात, जमिनीच्या वादात दुसऱ्यावर हात टाकत नाही ना? कृपा असलेल्यानं तर आधी आपल्याला अडवणारं माणूस शोधून ठेवावं. या आठवड्यात असं एक माणूस मनाशी ठरवा, आणि त्याला तसं सांगाही.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त 🙏